तीनशे डब्यांचा डेटाबेस

“लाईट गेल्यावर चालंल का हे?” गयाबाईंनी विचारलं.

माझं प्रेझेंटेशन चौथ्या स्लाइडवर होतं. मी नुकतंच ‘एसक्यूलाईट’ या डेटाबेसचं नाव उच्चारलं होतं.

“त्या लाईटचा आणि या लाईटचा संबंध नाही, गयाबाई. इथे लाईट म्हणजे हलकं.”

“हलकं?” त्यांनी बाकीच्या बायकांकडे पाहिलं. “मंग घ्यायचं काहून? घ्यायचंच तर चांगलं घ्यावं माणसानं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. एका मिनिटात एक उमेदवार बाद झाला. माझ्या अजून दहा स्लाइड बाकी होत्या.

मी बावीस वर्षं पुण्यात एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर होते. काम सांगायला सोपं आहे. डेटाबेस म्हणजे माहितीची कोठी. कुठल्या कप्प्यात काय ठेवलंय, मागितल्यावर ते किती पटकन हाती येतं आणि कोठीला आग लागली तर दुसरीकडे नक्कल आहे का, एवढं बघायचं. स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी माझ्या गावी, वसमतला परत आले. दोन महिन्यांत कंटाळले. तेवढ्यात कुरुंद्याहून जाधव गुरुजींचा फोन आला.

कुरुंद्यात सात बायकांची एक छोटी संस्था आहे. गावोगावचं जुनं देशी बियाणं गोळा करायचं, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून डब्यात ठेवायचं, आणि मागेल त्याला पेरायला द्यायचं. पीक आलं की त्याने बी परत आणून द्यायचं. अध्यक्ष गयाबाई. वय पासष्टच्या पुढे, शिक्षण चौथी. डबा कानाशी धरून हलवला की आत काय आहे ते आवाजावरून सांगतात. सगळ्या डब्यांचा हिशेब त्यांच्या डोक्यात. त्यामुळे त्या नांदेडला लेकीकडे गेल्या की संस्था बंद. औंढ्याहून, कुठून कुठून लोक मोटारसायकलवर यायचे आणि हात हलवत परत जायचे. म्हणून वेबसाईट हवी होती. घरबसल्या मोबाईलवर बियाण्याचं नाव टाकायचं, आहे की नाही ते कळायला पाहिजे.

जाधव गुरुजी संस्थेचे सचिव. निवृत्त मुख्याध्यापक. संस्थेत ते एकटेच पुरुष. “पत्रं लिहायला कुणीतरी लागतं,” एवढंच कारण गयाबाई सांगतात.

मी तयारीनिशी गेले होते. कुठला डेटाबेस किती कोटी नोंदी पेलतो, एका वेळी किती हजार लोक आले तर काय होतं, सगळ्यांचे तक्ते होते. आदल्या दिवशी माझे जुने मॅनेजर रानडे सरांना फोनही केला होता.

“नोंदी किती आहेत?” सरांनी विचारलं.

“तीनशे.”

“तीनशे काय? लाख?”

“डबे.”

“बरं. आणि एका वेळी वापरणारे?”

“दोन. गुरुजींनी दुसरा मोबाईल काढला तर तीन.”

“शोभा,” सर म्हणाले, “तू बरी आहेस ना?”

तरीही मी चौदा स्लाइड केल्या. बावीस वर्षांची सवय. आमच्या खात्यात पेन ड्राइव्ह घ्यायचा असला तरी तुलनात्मक तक्ता लागायचा.

पाचवी स्लाइड पोस्टग्रेसची होती. हा माझा लाडका. मी पुढचं बोलण्याआधी गुरुजी म्हणाले, “उच्चार कठीण आहे. जोडाक्षरं फार.”

“पोस्टाचं हाय का?” एका बाईंनी विचारलं.

“नाही.”

“मंग नाव काहून?”

मी सहाव्या स्लाइडवर गेले. “हा मायएसक्यूएल. आपण जी वेबसाईटची जागा भाड्याने घेतोय, तिथे हा आधीच बसवलेला मिळतो.”

गयाबाई सरसावून बसल्या. “काय नाव म्हणले?”

“मायएसक्यूएल.”

“माय?”

“इंग्रजीतलं माय. म्हणजे माझं.”

“आमच्याकडं माय म्हणजे माय,” गयाबाई म्हणाल्या. “जिच्या नावातच माय हाय, ती काहून दगा दील?”

मतदान झालं. तीन वाट्या ठेवल्या आणि प्रत्येकाने एकेक हरभरा टाकला. मायएसक्यूएलला सात, एसक्यूलाईटला गुरुजींचा एक, माझ्या लाडक्याला शून्य. मला मत नव्हतं. मी सभासद नव्हते.

खरं सांगायचं तर या कामाला तिघांपैकी कुठलाही चालला असता. तीनशे डब्यांना हलकंच पुरेसं होतं. पण हे मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे मी वेबसाईट बांधली आणि गुरुजींनी माहिती भरली. रोज दुपारी बारा ते चार, एक बोट वापरून. मी एकदा विचारलं, “गुरुजी, डब्यांवर नावं लिहिली आहेत ना? तीच भरताय ना?”

“डब्यांवरची नावं अशुद्ध आहेत,” ते शांतपणे म्हणाले. “मी शब्दकोश समोर ठेवून भरतो आहे.”

मी खूश झाले. शिस्तीचा माणूस मिळाला म्हणून. तिथेच मी थांबायला हवं होतं.

उद्घाटनाला गावातले पंधरा-वीस शेतकरी आले. हळदीच्या शेतातून थेट आलेले, चिखलाच्या पायांचे. पहिला शोध अध्यक्षांनी घ्यायचा असं ठरलं होतं. मी मोबाईलवर बोलून शोधायची सोय ठेवली होती. गयाबाईंनी मोबाईल तोंडाजवळ धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “हावरी.”

प्रोजेक्टरमधून भिंतीवर अक्षरं उमटली: काहीही सापडले नाही.

त्यांनी परत सांगितलं. परत तेच. मग त्या उठल्या, मागच्या फळीवरून एक डबा काढला आणि माझ्या लॅपटॉपसमोर ठेवला. दुसरा आणला. तिसरा आणला.

“हे काय हाय मंग?”

“गयाबाई,” गुरुजी म्हणाले, “तीळ म्हणा. तीळ सापडेल.”

“म्या तीळ काहून म्हणू?”

“शुद्ध शब्द तीळ आहे.”

“तीळ संक्रांतीला. डब्यात हावरी.”

मागून एक जण म्हणाला, “बराबर हाय त्यांचं. आमीबी हावरीच म्हणतो.” मग प्रत्येकाने आपापला शब्द टाकून पाहिला. कुणाचं कारळं सापडेना, कारण गुरुजींनी खुरासणी भरलं होतं. कुणाचा हुलगा सापडेना, कारण तो कुळीथ झाला होता. अर्ध्या तासात चहा संपला आणि माणसंही.

आता मी काय करायला हवं होतं ते कुणालाही कळेल. पण मी डीबीए, म्हणजे डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर आहे. आमच्या धंद्यात काही बिघडलं की आधी डेटाबेसकडे संशयाने बघतात. मी मनाशी म्हटलं, माझा लाडका असता तर ही वेळ आली नसती. त्यात मिळतीजुळती अक्षरं असलेले शब्द शोधायची सोय आहे. म्हणजे कुणी करडईची शेवटची ई ऱ्हस्व लिहिली, तरी करडई सापडते.

कुणालाही न सांगता मी चार दिवसांत सगळी माहिती पोस्टग्रेसमध्ये हलवली. धंद्यात याला मायग्रेशन म्हणतात. एका कोठीतला माल दुसऱ्या कोठीत नेणं. बँकेत असं करायला सहा महिने आणि चोवीस सह्या लागायच्या. इथे मी, माझा चहा आणि बंद दार. करडई सापडली. मी खूश. हावरी टाकलं. नाही सापडली. मग मी जुळणीची अट सैल केली. थोडं कमी जुळलं तरी चालेल असं सांगितलं. अजून सैल केली.

पुढच्या बैठकीत गयाबाईंनी विषय काढला.

“ताई, त्या मशीनला काय झालं? हावरी मागितली तर हरभरा देऊन राहिली.”

मी चहा ढवळायला लागले.

“आधीची बरी होती. न्हाई म्हणून गप तरी बसत होती.”

मला लपवता येत नाही. मी सांगून टाकलं. मायएसक्यूएल काढला, दुसरा बसवला.

सातही जणी माझ्याकडे पाहायला लागल्या. “म्हंजे,” गयाबाई हळूच म्हणाल्या, “माय काढून टाकली तुमी?”

“शोध चांगला व्हावा म्हणून.”

“झाला का?”

“नाही.”

“मंग काहून केलं?”

बावीस वर्षांत माझ्या कामाचं इतकं थोडक्यात ऑडिट कुणी केलं नव्हतं.

त्यानंतर मात्र मी शांत डोक्याने बसले. कंप्युटर अक्षरं जुळवतो. अर्थ त्याला कळत नाही. तीळ आणि हावरी यांत एकही अक्षर सारखं नाही, त्यामुळे जगातला कुठलाही डेटाबेस आपल्या मनाने ते नातं लावणार नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं. प्रश्न असा होता की लोक नेमके कुठले शब्द टाकतात? त्याचं उत्तर माझ्याकडेच पडून होतं. वेबसाईट एक लॉग ठेवते. लॉग म्हणजे रोजनिशी. कुठल्या वेळी कुठला शब्द शोधला गेला आणि सापडला की नाही, एवढंच त्यात असतं. शोधणाऱ्याचं नाव-गाव नसतं.

मी न सापडलेल्या शब्दांची यादी काढली. सगळ्यात वर एक शब्द होता. अकरा वेळा. जवळजवळ रोज सकाळी एकदा.

फूट.

मला वाटलं, कुणीतरी ज्वारीची उंची बघतंय. मी गुरुजींना फोन केला. “गुरुजी, कुणीतरी रोज आपल्या वेबसाईटवर फूट शोधतंय.”

गुरुजींचा आवाज एकदम उतरला. “संस्थेत?”

“वेबसाईटवर.”

“शोभाताई, मला शंका होतीच. मागच्या बैठकीत दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण हे बाहेर कसं गेलं?”

पाऊण तासात ते कुरुंद्याच्या ऑफिसात हजर झाले, संस्थेची घटना बगलेत मारून. मीही वसमतहून पोचले. गयाबाई फळीजवळ बसून डबे पुसत होत्या. गुरुजींनी प्रस्तावना केली, एकीचं महत्त्व सांगितलं, आणि मग गंभीरपणे विचारलं, “संस्थेत फूट आहे का?”

“हाय की,” गयाबाई म्हणाल्या.

गुरुजींनी बगलेतली घटना उघडली.

गयाबाईंनी फळीच्या कोपऱ्यातून एक छोटा डबा काढला. “ही काय. बागवान लोक फूट म्हणत्यात, आमी शेंदाड. वेलावरचं फळ, पिकलं की आपोआप फुटतं, म्हणून फूट.”

मी लॅपटॉप उघडला. शेंदाड नव्हतं. तो डबा चिबूड या नावाने भरलेला होता.

“चिबूड?” गयाबाई म्हणाल्या. “हे काय असतंय?”

“शब्दकोशात आहे,” गुरुजी क्षीणपणे म्हणाले.

“शब्दकोशात पिकतंय का ते?”

मग त्या डब्याची गोष्ट कळली. ते बी गयाबाईंच्या माहेरचं. त्यांच्या आईने दिलेलं. कुरुंद्यात आता जिकडेतिकडे हळद, वेलाला जागा द्यायला कुणी तयार नाही. बी जुनं होत चाललं होतं. मागच्या वर्षी ओल्या फडक्यात दहा दाणे बांधून पाहिले, तर चार उगवले. आणखी एक हंगाम गेला तर डब्यात नुसता आवाज राहिला असता. म्हणून त्यांनी गुरुजींना सांगून वेबसाईटवर टाकायला लावलं होतं: पेरणारा पाहिजे. गुरुजींनी ते इमानाने टाकलं होतं. चिबूड या नावाखाली. तिकडे कुणीतरी अकरा दिवस फूट मागत होतं. दोघंही एकाच वेबसाईटवर, आणि भेट नाही.

मी तिथल्या तिथे एक नवा तक्ता जोडला. एका बाजूला डब्याचा नंबर, दुसऱ्या बाजूला त्याला जितकी नावं असतील तितकी. शेंदाड, फूट, चिबूड, तिन्ही एकाच डब्याला. वीस मिनिटांचं काम. मग आम्ही वाट पाहिली. आता फूट टाकलं की डबा सापडणार होता, फोन नंबरही दिसणार होता.

चार दिवस गेले. लॉगमध्ये फूट आलाच नाही. तो माणूस कंटाळला होता. अकरा वेळा नाही ऐकल्यावर बाराव्यांदा कोण विचारतं? मला त्या चार दिवसांत नीट जेवण गेलं नाही. बँकेत एकदा पूर्ण सर्व्हर बसला होता, तेव्हाही इतकं वाईट वाटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी गयाबाईंचा फोन. “आला का तो?”

“नाही. वाट बघतोय.”

“मशीन जाऊन शोधून राहिली का त्याला?”

“तसं करत नाही ती.”

“मंग आपण जाऊ. या दिवसात शेंदाड कोण पेरतंय? धरणाचं पाणी उतरलं की गाळात पेरणारे. अन् फूट कोण म्हणतंय? बागवान. सिद्धेश्वरला जायचं. सोपं हाय.”

मी लॉगमधून जे काढू शकले नाही ते त्यांनी दोन वाक्यांत काढलं होतं.

आम्ही जीप केली. पुढे गुरुजी, मागे मी आणि गयाबाई, त्यांच्या मांडीवर डबा. सिद्धेश्वरला धरणाच्या काठाने पाणी मागे सरकलं होतं आणि काळ्या ओल्या गाळात लोक आळी करत होते. गयाबाई प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत चालल्या. गुरुजी धोतर सावरत मागे. एका जागी त्यांची चप्पल गाळात रुतली ती तिथेच राहिली.

चौथ्या की पाचव्या पट्टीवर एक बाई टरबुजाच्या आळ्यांशी बसल्या होत्या. नूरबी. गयाबाईंनी विचारलं, “फूटचं बी तुमी शोधत होता का, मोबाईलवर?”

नूरबींनी हात झटकले. “हाँ, मैंच देखी थी. बेटी के मोबाइल पे. रोज देखती थी.”

“रोज?” मी विचारलं. “एकदा नाही म्हटल्यावर परत का बघत होता?”

“सोची, आज किसी ने लाके रखा होगा,” त्या म्हणाल्या. “दुकान में भी तो ऐसाच रहता. कल नहीं था, आज रहता. फिर बेटी बोली, अम्मी, छोड़ो.”

गयाबाईंनी डबा त्यांच्या कानाशी धरला आणि हलवला. नूरबी हसल्या. त्यांना तो आवाज माहीत होता. पुढचा अर्धा तास त्या दोघी शेंदाडाबद्दल बोलत होत्या. एक मराठीत, एक हिंदीत, आणि दोघींना कसलीही तकलीफ नव्हती. मी आणि अनवाणी गुरुजी बांधावर उभे होतो.

“शोभाताई,” गुरुजी म्हणाले, “माझं चुकलं का हो?”

“माझंही,” मी म्हटलं. “तुम्ही नावं बदललीत. मी कोठी बदलली.”

निम्म्याहून जास्त बी उगवलं नाही. पण जेवढं उगवलं तेवढ्याचे वेल चांगले पसरले. उन्हाळ्यात नूरबी एक पोतं शेंदाडं घेऊन कुरुंद्याला आल्या. सोबत धुऊन वाळवलेलं बी, आणलेल्या डब्यात मावेना एवढं. गयाबाईंनी नवीन डबा काढला आणि गुरुजींना लेबल लिहायला सांगितलं. त्यांनी शेंदाड लिहिलं, खाली फूट लिहिलं. चिबूड लिहायच्या आधी त्यांनी गयाबाईंकडे पाहिलं.

“लिव्हा,” त्या म्हणाल्या. “कुणी शब्दकोशातून आलं तर?”

आता गुरुजी हातात वही घेऊन गावोगाव फिरतात. बाजाराच्या दिवशी बायकांना गाठून विचारतात, तुम्ही याला काय म्हणता? सकाळी साडेसहाला मला त्यांचा फोन येतो. “शोभाताई, वाळकाचं आणखी एक नाव मिळालं. घ्या लिहून.” नावांचा तक्ता आज डब्यांच्या तक्त्याच्या चौपट झाला आहे. डेटाबेस अजून पोस्टग्रेसच आहे. गयाबाईंसमोर मी त्याचं नाव काढत नाही.

हल्ली मला अशा लहान संस्थांचे फोन येतात. कुणाला वाचनालयाची यादी हवी असते, कुणाला लोककलावंतांची. पहिला प्रश्न ठरलेला: “मॅडम, सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं?” मी उलट विचारते, “शोधायला येणारा माणूस पहिला शब्द कुठला टाकेल?” मग ते म्हणतात, “विचारून सांगतो.” त्यांना बहुतेक महिना लागतो. सॉफ्टवेअर बसवायला मला एक दुपार पुरते.